फोल्डस्कोप: कुलूप न लागणारा मायक्रोस्कोप

हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी उभी नोकरी झाली. मायक्रोस्कोप लाकडी पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. मुलांना दर्शन व्हायचं ते प्रॅक्टिकलच्या दिवशी, तेही रांगेत उभं राहून, आणि "हात लावू नको, नुसतं बघ" या अटीवर. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद असलेली वस्तू फुटली तर जाब मला विचारला जाणार, मग दुसरं काय करणार? फोल्डस्कोप मुलांच्या हातात देताना मात्र माझा जीव खालीवर होत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो पाच जणांना तरी घ्यायला लावलाय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा कागदी मायक्रोस्कोप आहे. जाड, पाण्यानं न भिजणारा कागद चित्रं बघत घड्या घालून जोडायचा. वजन दहा ग्रॅमच्या आत. मेरठमध्ये जन्मलेले, आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश यांनी जिम सायबुल्स्की यांच्यासोबत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला. त्याची माहिती देणारा शोधनिबंध 2014 मध्ये आला. एका डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या सामानात मायक्रोस्कोप बसवायचा, हा त्यांचा हट्ट. आत भिंग एकच, तेही साबुदाण्यापेक्षा लहान गोल मणी. मणी जितका लहान तितकी वस्तू मोठी दिसते. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक अशाच एका भिंगातून पाण्यातले जीव बघत होता. फोल्डस्कोपमधून वस्तू साधारण 140 पट मोठी दिसते आणि दोन मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा कळतो.

आता काय दिसतं ते. कांद्याच्या पापुद्र्यानं सुरुवात करा. मेडिकलमधल्या पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब पाण्यात पातळ करून त्यावर टाकला की पेशींची केंद्रकं उठून दिसतात. जास्वंदीचा पराग काटेरी गोळ्यांसारखा, तो पाहिला की मुलं दुसऱ्या फुलांच्या मागे लागतात, मग घाणेरी, मग सदाफुली, अंगणात फूल शिल्लक राहत नाही. फुलपाखराच्या गळून पडलेल्या पंखाचा तुकडा ठेवला तर खवले दिसतात. हौदातल्या हिरव्या लोंबत्या शेवाळात स्पायरोगायरा सापडलं तर नशीब, पेशीत हिरवी पट्टी मळसूत्रासारखी फिरलेली असते. पण खरी गर्दी जमते ती कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी लावल्यावर. त्यात पॅरामिशियम हा एकपेशीय जीव सुसाट पळतो, रोटिफर नावाचे चिमुकले प्राणी तोंडाशी चक्रं फिरवल्यासारखे दिसतात, आणि अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या डासांच्या अळीत आतडं हलताना आणि पाठीतली हृदयाची नळी धडधडताना दिसते. पुस्तकातली आकृती हलत नाही, हा फरक पोरांना सांगावा लागत नाही.

मर्यादा आहेत आणि त्या मुळातल्या आहेत. एकच गोल भिंग असल्यानं मधलं चित्र स्वच्छ, कडा धूसर. दिसणारा भाग अगदी चिमुकला. पॅरामिशियम क्षणात निसटतं, मग स्लाइड सरकवत शोधा. त्याचा वेग कमी करायचा तर स्लाइडवर कापसाचे दोनचार धागे ठेवा, आम्ही प्रयोगशाळेतही हेच करायचो. डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो, लहान मुलं दोन्ही डोळे मिटून घेतात. फोकससाठी कागदी पट्टी किंचित सरकवायची असते, तिथं धसमुसळेपणा चालत नाही. दह्यातले जिवाणू बघायच्या आशेनं घेऊ नका, ते याच्या आवाक्याबाहेर आहेत. मलेरियाचे जंतू ओळखायचं काम पॅथॉलॉजी लॅबमधल्या, तेलाचा थेंब लावून वापरायच्या ताकदवान भिंगाचं, घरच्या फोल्डस्कोपचं नव्हे. आणि सूर्याकडे रोखून कधीही, कधीही बघू नका. खिडकीतल्या आकाशाचा उजेड पुरतो.

मोबाईल जोडायला चुंबकाची चकती असते. ती कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर बसवणं हे जरा खटपटीचं, पण एकदा बसली की पाच मुलं एकदम बघू शकतात आणि व्हिडिओही निघतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा डोळ्यानंच बघू द्यावं. पडद्यावर बघताना पोरं दोन मिनिटांत गेमकडे वळतात.

साधा संच पुरे की मोठा? दिवा, चिमटा, कोऱ्या स्लाइड असलेला संच शिक्षकांनी घ्यावा. घरी साध्यावर भागतं, पारदर्शक चिकटपट्टीत पराग दाबून स्लाइड करता येते. कॉलेजच्या अभ्यासाला मात्र संयुक्त, म्हणजे एकापेक्षा जास्त भिंगांचा मायक्रोस्कोपच हवा, तिथं फोल्डस्कोप पुरा पडणार नाही.

आणि हो, डासांच्या अळ्या बघून झाल्या की ते पाणी मोरीत किंवा गटारीत ओतू नका, कोरड्या मातीवर ओता. आमच्या सूनबाईंनी त्याच अटीवर परवानगी दिली आहे.