लिनक्ससाठी मोडेम: आतलं कार्ड की बाहेरचा सिरियल?

डायल-अपसाठी, म्हणजे फोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडायला, मोडेम घ्यायचाय आणि मशिनवर लिनक्स आहे, तर आधी हे बघा की मोडेमचं काम नक्की करतंय कोण. स्वस्तातली पीसीआय कार्डं, म्हणजे मशिनच्या आत बसणारी, बहुतेक विनमोडेम असतात, म्हणजे सिग्नलचं सगळं गणित कॉम्प्युटरच्या सीपीयूवर ढकललेलं, त्यामुळे खास ड्रायव्हर लागतोच, आणि तो मिळाला तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की बऱ्याचदा परत कंपाईल करत बसा. बाहेरच्या सिरियल मोडेमला हे काहीच नको, सिरियल पोर्टला जोडा, मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम) उघडा, एटी ही कमांड टाईप करून एंटर मारा, समोर ओके आलं की मोडेम बोलायला लागला, मग विवडायल (नंबर फिरवून इंटरनेट जोडणारा प्रोग्राम) लावा!

किंमतीत कार्ड जिंकतं, विजेचा वेगळा अडॅप्टरही नको. स्पीड दोन्हीकडे कागदावर ५६केच (सेकंदाला ५६ किलोबिट), खोक्यावर काहीही छापलेलं असो. पण लाईन अडकली की बाहेरचा नुसता बंद-चालू करता येतो आणि दिवे बघून काय चाललंय ते कळतं, मला हे फार मोलाचं वाटतं.

जुनं मशिन किंवा रोजचं काम असेल तर डोळे झाकून सिरियल घ्या. कार्ड आधीच पडून असेल आणि ड्रायव्हरशी झटायची तयारी असेल तरच ते, तेही चिपसेट (कार्डावरची मुख्य चिप) तपासून.