ल माल: साताऱ्याच्या रात्रींना हा गोड परफ्युम चालतो का? (वापरानंतरचा अनुभव)

फ्रेंच फॅशन डिझायनर ज्याँ पॉल गोतिए यांचा ‘ल माल’ ईडीटी (ओ द त्वालेत, म्हणजे परफ्युमचा हलका प्रकार) रात्री बाहेर जाताना लावावा का, याचं साताऱ्यापुरतं उत्तर असं: दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, मोकळ्या जागेत, तीन-चार फवारे बिनधास्त लावा. एप्रिल-मेमध्ये, बंद गाडीत किंवा खचाखच भरलेल्या एसी हॉलमध्ये मात्र हाच परफ्युम शेजारच्याला नकोसा होतो. पावसाळ्यात सुरू करून उन्हाळ्यापर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी वापरून झालेलं हे मत आहे, आणि ते निळ्या बाटलीतल्या साध्या ईडीटीपुरतंच आहे. याच नावाचे पुढचे प्रकार वेगळे वागतात, त्यांच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आधी हा गोडवा कसला आहे ते बघू, कारण सगळा निर्णय त्यावर ठरतो. ल माल १९९५ साली आला. तो बनवणारे फ्रान्सिस कुर्कजियाँ तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. सुरुवातीला पुदिना, लॅव्हेंडर, बर्गमॉट आणि वेलची. मधल्या टप्प्यात दालचिनी, संत्र्याची फुलं आणि जिऱ्याच्या वळणाचा एक उबदार मसाला. तळाशी व्हॅनिला, टोंका, अंबर आणि चंदनी लाकूड. टोंकाच्या बीमध्ये कुमारिन हे गोडसर वासाचं द्रव्य असतं, आणि लॅव्हेंडर-कुमारिन ही जोडी १८८२ च्या ‘फुजेर रोयाल’ या परफ्युमपासून पुरुषांच्या सुगंधांचा कणा आहे. दाढीचा साबण, आफ्टरशेव्ह, सलूनची पावडर यांतूनही ती आपल्या नाकाला ओळखीची झालेली असते. त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं ल माल गोड वाटतच नाही, नुकतीच दाढी करून आलेल्या माणसासारखा स्वच्छ वाटतो. गोडवा नंतर चढतो.

गोड परफ्युमचं दुसरं घराणं १९९२ च्या ‘एंजल’पासून सुरू झालं. त्याचा आधार इथाइल माल्टॉल, म्हणजे साखर परतताना येणारा कॅरमेलचा वास. हल्लीचे बहुतेक ‘क्लबचे’ परफ्युम त्या घराण्यातले. ल मालचा गोडवा तिकडचा नाही. तो दुधाळ आणि मसाल्याचा आहे, कंदी पेढ्याचा नवा डबा उघडल्यावर येणाऱ्या भाजलेल्या खव्याच्या आणि वेलचीच्या वासाच्या जवळचा. आपल्याकडच्या नाकांना तो परका वाटत नाही ही याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. युरोपात तीस वर्षं हाच वास नाचगाण्याच्या जागी घमघमल्यामुळे तिथे काहींना तो जुनाट वाटतो. साताऱ्यात तो शिक्का त्याच्यावर नाही.

आता वेळ. घरातून पाय बाहेर टाकताना फवारणं हा याचा सगळ्यात वाईट उपयोग. तेव्हा अल्कोहोल, पुदिना आणि लॅव्हेंडर एकदम उसळतात आणि पहिल्या भेटीतल्या लोकांना फक्त तेवढंच कळतं. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, कपडे घालायच्या आधी, निघण्यापूर्वी पाऊण तास लावा. पुदिना उडून जातो, दालचिनी आणि संत्र्याचं फूल वर येतं, व्हॅनिला हळूहळू जमते. रात्री साडेआठला पोहोचायचं असेल तर पावणेआठच्या आत लावून मोकळं व्हा. थंडीत अंगावर पाच तासांच्या आसपास टिकतो, कापडावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. लांबवर दरवळायचं काम पहिले दीड-दोन तासच. नंतर जवळ बसणाऱ्यालाच कळतो.

कुठे लावायचा? एक फवारा छातीवर, एक मानेच्या मागे, कडाक्याच्या थंडीत एकेक खांद्याच्या पुढच्या भागावर. मनगटावर नको. परदेशी व्हिडिओंत मनगट दाखवतात, पण आपण हाताने जेवतो. भाकरी मोडून रश्श्यात बुडवलेला घास तोंडाजवळ आला की मनगटावरची व्हॅनिला घासाबरोबर येते आणि तांबड्या रश्श्याची चव बिघडते. पांढऱ्या शर्टावरही थेट मारू नका. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागला की पिवळट-तपकिरी होतं आणि कॉलरवर डाग उमटतो. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालणाऱ्यांनी फवारा अंगावर घ्यावा, तो वाळू द्यावा, मगच शर्ट चढवावा.

अंगावर आधी काय आहे तेही बघा. बॉडी लोशन बिनवासाचं हवं. खोबरेल तेल लावलेल्या अंगावर ल माल आणखी गोड आणि जड होतो, कारण खोबऱ्याचा वास व्हॅनिलाला पुढे रेटतो. वासाचा डिओ काखेत आणि वर हा परफ्युम, ही तर हमखास बिघडणारी जोडी. त्याऐवजी तुरटी फिरवा किंवा बिनवासाचं रोल-ऑन वापरा. घाम आला तरी हा परफ्युम बिघडतो, पण त्याचं कारण वेगळं आहे. मधल्या टप्प्यातला तो जिऱ्याच्या वळणाचा मसाला घामात मिसळला की अंगाच्याच वासासारखा भासू लागतो. थंडीत तोच मसाला ऊब देतो, मे महिन्यात तोच दगा देतो.

हवेचं गणित सोपं आहे. तापमान वाढलं की तळाची जड द्रव्यंही जोरात उडू लागतात, म्हणजे जे पाच तासांत थोडं थोडं सुटायचं ते पहिल्या दोन तासांतच अंगावर येतं. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याची रात्र १२-१३ अंशांपर्यंत उतरते, शहरालगतच्या यवतेश्वरच्या डोंगरावर गेलं की वाराही असतो. तिथे चार फवारे अगदी माफक वाटतात. उन्हाळ्यात रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा दोन फवारे जास्त होतात. पावसाळ्यात एक-दीड महिना तर कपडे नीट वाळत नाहीत; दमट कापडाचा कुबट वास आणि व्हॅनिला एकत्र आले की वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली कपाटात राहू द्यावी. सांगली-मिरजेकडे थंडी साताऱ्याइतकी बोचत नाही, तिकडच्यांनी प्रत्येक वेळी एक फवारा कमी धरावा.

ठिकाणांचं बोलायचं तर सगळ्यात आधी चुलीवरचं मटण आणि शेकोटी. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निन या घटकापासून धुराच्या वासाचं ग्वायाकॉल आणि थोडं व्हॅनिलिनही सुटतं, म्हणजे सरपणाचा धूर आणि हा परफ्युम रसायनाने एकमेकांचे नातेवाईक आहेत. महामार्गाकडेच्या ढाब्यावर अंगणात खाट टाकून बसलात, शेजारी चूल पेटलेली असली, की ल माल धुरात विरघळून जातो आणि फार रुबाबदार लागतो. तोच ढाबा आतून, तळणीच्या तेलाच्या वासात आणि मासे तळले जात असताना, याला अजिबात साथ देत नाही.

कोजागरी ही याची खास रात्र. गच्चीवर आटवलेलं दूध, त्यात वेलची आणि जायफळ, आणि ऑक्टोबरची नुकती निवू लागलेली हवा. दोन फवारे पुरतात. लग्नाच्या रिसेप्शनलाही तो शोभतो. संत्र्याच्या फुलात आणि मोगऱ्यात काही सुगंधी द्रव्यं समान आहेत, मिथाइल अँथ्रानिलेट आणि इंडोल ही त्यांतली ठळक, त्यामुळे गजऱ्यांच्या गर्दीत तो भांडत नाही. पण मंगल कार्यालय उघडं, लॉनचं असावं. बंद हॉलमध्ये आधीच दीडशे परफ्युम तरंगत असतात, त्यात गोडाची भर नको. वरातीत नाचणार असाल तर लावू नका. घामाचं वर सांगितलंच आहे.

बंद गाडीबद्दल मी ठाम आहे. काचा वर, एसी चालू, पाच जण, आणि पसरणीच्या घाटाची वळणं: गोड परफ्युम तिथे मळमळ वाढवतो. महाबळेश्वर-पाचगणीला रात्री जेवायला जायचं असेल तर बाटली सोबत घ्या आणि वर पोहोचून उतरल्यावर दोन फवारे मारा. दुचाकीवर उलटी अडचण. वारा मानेवरचा वास पोवई नाक्यापासून राजपथापर्यंतच निम्मा काढून नेतो. तिथे छातीवर, जॅकेटच्या आत लावा; उतरून चेन उघडली की वास बाहेर येतो. हेल्मेट घालणाऱ्यांनी मानेमागे मारू नये, अस्तरात मुरतो आणि आठवडाभर डोक्याभोवती राहतो. नाटकाला, शाहू कलामंदिरात खुर्चीला खुर्ची लावून तीन तास बसायचं असेल तर एकच फवारा, तोही छातीवर.

‘मला आता वासच येत नाही’ म्हणून दुसऱ्यांदा मारण्याचा मोह होतो. नाक सततच्या वासाला वीसेक मिनिटांत सरावतं. तुम्हाला न येणारा वास समोरच्याला येत असतो. घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून विचारा. त्यांनी न विचारता सांगितलं तर एक फवारा कमी करा.

गोडवा थोडा कापायचा असेल तर छातीवर आधी वाळ्याच्या अत्तराचा छोटा थेंब, पाच मिनिटांनी वरून ल माल. वाळ्याचा मातकट कोरडेपणा व्हॅनिलाला आवरतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या रात्रीही तो लावण्याजोगा राहतो. हिन्याचं अत्तर मात्र घेऊ नका, दोन्ही मिळून अंगावर गोधडी पडते.

याच कुटुंबातले बाकीचे: २०२० चा ‘ल माल ल पार्फ्युम’ पुदिना टाळून वेलची आणि आयरिसकडे झुकतो, बसून जेवायच्या संध्याकाळी मला तो जास्त पटतो. २०२३ चा ‘एलिक्झर’ मध, तंबाखू आणि टोंकाने भरलेला, जानेवारीतल्या यवतेश्वरसाठीच, आणि दोन फवाऱ्यांच्या पुढे नाही. तुलनेला नेहमी येणारा पाको राबानचा ‘वन मिलियन’ (२००८) दालचिनी आणि चामड्यामुळे अधिक धारदार आहे. गर्दीत तो जास्त ऐकू येतो, पण जवळ बसून गप्पा मारायला ल माल बरा.

घेताना थेट १२५ मिली नको. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे १० मिलीच्या डिकँटमध्ये (मोठ्या बाटलीतून काढून भरलेल्या छोट्या कुपीत) शंभरेक फवारे मिळतात आणि एक अख्खी थंडी निघते. मोठ्या बाटलीत बाराशेच्या आसपास फवारे. फक्त रात्रीसाठी वापरणाऱ्याला ती काही वर्षं पुरेल. दुकानातल्या कागदी पट्टीवर ठरवू नका, पट्टीवर त्वचेची ऊब नसते आणि मसाला उमलत नाही. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल असावं, डब्याखालचा आणि बाटलीखालचा बॅच कोड जुळावा. बाटली ज्यात येते तो पत्र्याचा डबा फेकू नका, त्यातच बाटली ठेवून कपाटात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात लॅव्हेंडर गमावते आणि नुसता गोड गाळ उरतो. काळानुसार द्रव थोडा गडद झाला तर घाबरायचं कारण नाही, ते व्हॅनिलिनचं काम आहे. पहिल्या फवाऱ्याला आंबट किंवा रॉकेलसारखा वास आला तरच बिघडला समजा.

आणि जास्त झालाच तर पाण्याने पुसत बसू नका, तळाची द्रव्यं पाण्याला दाद देत नाहीत. कापसावर अल्कोहोलचं बिनवासाचं सॅनिटायझर घेऊन ती जागा दोनदा पुसा, मग साबण लावा. कापडावर पडला असेल तर शर्ट बदलण्यावाचून इलाज नाही.