एज सर्व्हरवाली ड्रायव्हर असिस्ट: ट्रकच्या पलीकडचं दाखवते, बोगद्यात गुपचूप गप्प बसते

गाडीसोबत कनेक्टेड सेफ्टीचं सबस्क्रिप्शन आलं, म्हणजे गाडीतल्या एआयचं थोडं काम गाडीतल्या चिपवर आणि थोडं मोबाइल टॉवरजवळ बसवलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे एज सर्व्हरवर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. बराच काळ वापरतोय म्हणून लिहितोय.

आधी जे आवडलं ते. हायवेला पुढे उंच ट्रक होता, त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं, आणि स्क्रीनवर ट्रकच्या पुढे नारिंगी चौकोन आला, 'थांबलेलं वाहन'. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला न काढला तोच ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला. माझ्या कॅमेऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं, पुढच्या कुठल्यातरी गाडीने बघितलं, सर्व्हरने सगळ्यांचं जुळवून मला कळवलं. ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल. पण पुढे ही सिस्टीम असलेली गाडी नसेल आणि खांबावर कॅमेराही नसेल तर सर्व्हरलाही काही कळत नाही, तो काही ज्योतिषी नाही.

आता सेल्सवाला मला म्हणाला होता 'सर सगळं एआय सर्व्हरवरच चालतं'. असं अजिबात नाहीये आणि नाहीये तेच बरंय. हिशोब करून बघा, 100 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, म्हणजे उत्तर यायला 100 मिलीसेकंद लागले तरी गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते, आणि नेटवर्क अडकलं तर किती लागतील त्याचा भरवसा नाही. त्यामुळे समोर माणूस आला तर ब्रेक मारायचा निर्णय गाडीतच होतो, कोणाची वाट न बघता. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, घ्यायच्या आधी मी तेच शोधलं होतं, तुम्हीपण शोधा.

सगळा व्हिडिओ वर पाठवणंही परवडत नाही. फुल एचडीची एक कच्ची फ्रेम 6 एमबीच्या वर जाते, सेकंदाला 30 धरल्या तर दीड गिगाबिटच्या आसपास, तेही एकाच कॅमेऱ्याचे, आणि मोबाइल नेटवर्कला अपलोड तसाही डाउनलोडपेक्षा कमीच मिळतो. म्हणून एआय मॉडेलचे सुरुवातीचे लेयर, म्हणजे चित्रावर एकामागून एक होणाऱ्या कामाचे पहिले टप्पे, गाडीत चालतात, मधलं आउटपुट दाबून छोटं करून सर्व्हरला जातं, उरलेलं जड काम तिकडे. हे काम कोणत्या लेयरला तोडायचं हा खरा खेळ, कारण सुरुवातीच्या लेयरचं आउटपुट कधीकधी मूळ फोटोपेक्षाही मोठं असतं. आणि नेटवर्क पडलं की गाडी छोट्या मॉडेलवर स्वतःच काम उरकते.

आणि माझी तक्रार इथेच आहे. नेटवर्क पडल्याचं ती सांगतच नाही! बोगद्यात शिरलो की कोपऱ्यातला हिरवा ठिपका राखाडी होतो, बस, ना आवाज ना मेसेज. आपण समजतो पलीकडचं कोणीतरी बघतंय आणि प्रत्यक्षात फक्त आपलाच कॅमेरा चालू असतो. गाडी-गाडी थेट बोलायची सोय थ्रीजीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) रिलीज 14 मध्ये, म्हणजे 2017 पासून स्टँडर्डमध्ये आहे, त्याला टॉवर लागत नाही, पण माझ्या गाडीत ती दिलेलीच नाही. तरी जाहिरातीत 'अत्याधुनिक' लिहायचंच.

दुसरं म्हणजे एका सर्व्हरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना थोडा वेळ गोंधळ होतो. एकच गाडी स्क्रीनवर दोनदा दिसते, एक माझ्या कॅमेऱ्याने बघितलेली आणि तिच्या मागे तीच गाडी सर्व्हरच्या जुन्या माहितीतली. दोन-तीन सेकंदात जुळतं, पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा टरकलीच होती. ट्रॅफिक जाममध्ये अलर्ट उशिरा येतात, बहुतेक सगळ्यांच्या गाड्या एकाच सर्व्हरच्या बोकांडी बसत असाव्यात, पण तिथे स्पीडच नसतो त्यामुळे चालतं.

प्रायव्हसीचं सेटिंग मात्र जरूर बघा, 'सुधारणेसाठी क्लिप शेअर करा' आधीपासून ऑन असतं. मी बंद केलं, अलर्टमध्ये काही फरक पडला नाही. 'आम्ही व्हिडिओ नाही, फक्त फीचर्स पाठवतो' ह्यावरही फार विसंबू नका, फीचर्स म्हणजे तेच मधल्या लेयरचं आउटपुट, आणि त्यावरून मूळ चित्र बऱ्यापैकी परत बनवता येतं हे रिसर्चवाल्यांनी करून दाखवलंय.

ज्यांचं हायवेला जास्त जाणं-येणं आहे आणि कव्हरेज बरं आहे त्यांनी घ्यायला हरकत नाही, घाटात आणि आडवाटेला फिरणाऱ्यांनी पैसे घालवू नका. 5 पैकी 3 स्टार. सर्व्हर सुटला की आवाज देऊन सांगणारं अपडेट आलं तर चौथा देईन.