घोट्याचा जेल पॅक: सहा महिने वापरला, काल फुटला

काल रात्री फ्रीझर उघडला तर मटारच्या पाकिटावर निळा चिकट थर. पॅकच्या कडेचं सील उकललं होतं. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, ‘सर, वापरून संपणारी वस्तू आहे, वॉरंटी नाही.’ अहो, मी बर्फाची वॉरंटी मागत नव्हतो, पिशवीची मागत होतो. ६४९ रुपये मोजलेत.

जूनमध्ये सोसायटीच्या जिन्यातले दिवे गेलेले. पायऱ्या संपल्या समजून पाय टाकला, एक शिल्लक होती. उजवा घोटा आत वळला आणि बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली. डॉक्टरांनी हाडाच्या मागच्या कडा दाबून पाहिल्या, चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाले, एक्स-रे नको. एक्स-रे कधी लागतो याचे, कॅनडातल्या ओटावात १९९२ साली ठरलेले नियम आहेत म्हणे. एक्स-रेचे पैसे वाचले म्हणून हा पॅक घेण्याची बुद्धी झाली.

आई आंबेहळदीचा लेप घेऊन तयारच होती. शेजारच्या काकू तर पायाळू माणूस शोधून देणार होत्या. काकू, ही उसण नव्हे, म्हणून कसंबसं थांबवलं.

पहिले तीन दिवस पॅकला मी पाच तारे दिले असते. ठणका खरंच बसायचा, झोप लागायची. फिजिओ मॅडमनी पद्धत सांगितली: दहा मिनिटं लावा, दहा काढा, पुन्हा दहा, आणि खाली पंचा हवाच. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. वितळणारा बर्फ शून्यावर राहतो, पण हे न गोठणारं जेल शून्याखालीच त्वचेला भिडतं. एकदा आळस करून पंचा न घेता बांधला, लाल चट्टा दोन दिवस राहिला.

आता वेल्क्रोबद्दल. पट्टा एवढा लांब की घोट्याला दोन वेढे घालून उरतो. तिसऱ्या आठवड्यात त्यात आईच्या शालीची लव, सतरंजीचे धागे, एक केस (माझा नाही) असं सगळं अडकलं आणि चिकटणं बंद. सुईने एकेक धागा काढत बसायचो. मधली दहा मिनिटांची सुट्टी त्यात बरोबर संपायची. रात्री पट्टा सोडला की असा चर्रर्र आवाज, की अख्खं घर जागं.

पंधराव्या दिवशी मत फिरलं. सूज जवळजवळ गेली होती, पण डोळे मिटून उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं तर चार सेकंदांत भिंत धरली. वर मी व्यायामाच्या आधी पॅक लावून जायचो, मोठ्या शहाणपणाने. मॅडम चिडल्या: बधिर पायाला आपण कुठे टेकलोय ते कळणार कसं? त्यांच्या दहा-दहा मिनिटांच्या पद्धतीला मात्र आधार आहे: २००६ च्या एका चाचणीत घोटा मुरगळलेल्यांपैकी थोडं थोडं थांबून बर्फ लावणाऱ्यांना, सलग वीस मिनिटं लावणाऱ्यांपेक्षा, पहिल्या आठवड्यात हालचाल करताना दुखलं कमी. सूज आणि पायाचं काम यांत मात्र फरक नव्हता. १९७८ साली बर्फ-विश्रांतीचा मंत्र देणाऱ्या डॉ. गेब मिर्किननीच २०१४ मध्ये म्हटलं, बर्फाने भरून येणं लांबू शकतं. हे सगळं मी ६४९ रुपये दिल्यावर वाचलं.

मग पॅक फ्रीझरमध्ये आणि मी बेसिनपाशी एका पायावर, दात घासताना. ऑगस्टअखेर डोळे मिटून अर्धा मिनिट टिकलो. हा व्यायाम फुकट आहे.

त्यानंतर लांब चालून पाय ठणकला की पॅक काढायचो, तेवढ्यापुरता बरा. पण तेवढ्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे, वर ओला नॅपकिन आणि घरातलं क्रेप बँडेज पुरतं. आधी चार तारे दिले होते, आज दोन करतोय. त्यातला एक पहिल्या तीन रात्रींचा.

पट्टा टाकवला नाही. आईने त्याने मिक्सरची वायर गुंडाळून ठेवलीय. तिथे मात्र वेल्क्रो घट्ट बसतो.