दोघांची छोटी सहल : कोल्हापूर की इंदूर?

पुण्या-मुंबईहून दोघांनीच निघायचे, शनिवार-रविवारला एखादी रजा जोडायची, मनसोक्त खायचे, थोडे हिंडायचे आणि परत कामावर रुजू व्हायचे, असा बेत ठरू लागला की कोल्हापूर आणि इंदूर ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोन्ही शहरे मराठी राजघराण्यांच्या छायेत वाढली, मुंबईहून दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येते आणि दोन्हीकडचा माणूस आपल्या गावच्या खाण्याविषयी बोलू लागला की त्याला आवरणे कठीण जाते. साम्य साधारण इथवरच आहे. निवड करताना बहुतेक जण ‘बघण्यासारखे कुठे जास्त आहे?’ असे विचारतात, पण माझ्या मते त्याआधी दोघांनी एकमेकांना विचारायला हवे ते हे, की आपल्याला खरी भूक केव्हा लागते. कोल्हापूर सकाळी आणि भर दुपारी जेवू घालते. इंदूर सकाळी पोह्यांवर भागवते आणि रात्री दहानंतर पंगत मांडते. सहलीचा सगळा दिवस या एका फरकावर बेतावा लागतो, आणि पर्यटनस्थळेही त्याच्याच मागून येतात.

कोल्हापूरचा दिवस अंबाबाईच्या मंदिरापासून सुरू करावा, तोही जितका लवकर करता येईल तितका. काळ्या दगडातल्या या मंदिराच्या भिंतींवरील कोरीव काम सकाळच्या तिरक्या उजेडात जसे उठून दिसते तसे दुपारी दिसत नाही, शिवाय शुक्रवार, मंगळवार आणि नवरात्र वगळता सकाळी रांगही आटोक्यात असते. मूर्ती पश्चिमाभिमुख असल्यामुळे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जानेवारी संपता संपता मावळतीची किरणे थेट गाभाऱ्यात पोहोचतात आणि एकेका दिवशी चरण, मध्यभाग आणि मुख असे स्पर्श करत जातात. हा किरणोत्सव साधायचा असेल तर राहण्याची जागा फार आधी ठरवावी लागते. दर्शन झाले की मिसळ. कोल्हापुरी मिसळीत मटकीच्या उसळीवर बटाटा, चिवडा, शेव आणि त्यावर कट येतो, सोबत बहुतेक ठिकाणी जाड कापलेल्या ब्रेडच्या चकत्या असतात आणि कट संपला की पुन्हा मागता येतो. फडतरे, चोरगे, बावडा अशी नावे गावात कोणीही सांगेल; त्यांपैकी सर्वोत्तम कोणती यावर कोल्हापूरकरांचेच एकमत होत नाही, तेव्हा मुक्कामापासून जवळ असेल तिथे जावे.

दुपारचे मटणाचे ताट हा या शहराचा खरा सोहळा आहे, आणि तो नीट समजून घ्यावा. मटण शिजवताना जे अळणी पाणी निघते त्यातूनच दोन्ही रस्से होतात : नारळाचे दूध, तीळ, खसखस यांचे वाटण घातले की पांढरा, आणि कोल्हापुरात जिला नुसते ‘चटणी’ म्हणतात ती कांदा-लसणीची चटणी पडली की तांबडा. ताटात सुके मटण आणि भाकरी किंवा चपाती आली की पहिल्यांदा पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावावी, त्यानंतर तांबडा घ्यावा, म्हणजे तिखटाचा दणका बसण्याआधी मटणाची मूळ चव कळते. महामार्गांवरच्या हॉटेलांत ‘कोल्हापुरी’ नावाने जो तेलाचा आणि लाल रंगाचा मारा असतो त्याच्याशी या जेवणाचा संबंध फार थोडा आहे. चांगल्या खानावळीतला तांबडा रस्सा झणझणीत असतो, पण पोटात जळजळ करत नाही. या जेवणानंतर तास-दोन तास विश्रांती घेणे भागच पडते, आणि तशी मोकळीक दिवसात ठेवलीच पाहिजे.

इंदुरात नेमके उलटे घडते. सकाळचे पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे फोडणीत परतून कढईतच ठेवलेले नसतात. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या मोठ्या भांड्यात ते वाफेवर मऊ राहतात, त्यात बडीशेपेचा स्पष्ट स्वाद असतो, वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावन नावाचा मसाला पडतो आणि शेजारी गरम जिलेबी असते. गोड आणि तिखटाची ही जोडी पहिल्या घासाला विचित्र वाटते आणि दुसऱ्या घासाला पटते. दुपार मात्र इंदुरात खाण्याच्या दृष्टीने सामान्य आहे, तेव्हा ती बघण्यासाठी राखावी. संध्याकाळी छप्पन दुकान नावाची खाऊगल्ली, तिथे खोपरा पॅटीस, जॉनी हॉट डॉगचा अंड्याचा बेंजो, म्हणजे पावात घातलेले ऑम्लेट, आणि दुधात घोटलेली दाट शिकंजी, जिचा लिंबाच्या सरबताशी काही संबंध नाही. आणि रात्री सराफा.

सराफ्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण इंदूर निवडण्याचे ते एकच कारण पुरेसे आहे. दिवसभर ही सोन्या-चांदीची पेठ असते. रात्री आठच्या सुमारास पेढ्यांची दारे बंद होऊ लागतात आणि त्याच पायऱ्यांसमोर शेगड्या, कढया आणि तवे मांडले जातात. दहाला बाजार भरात येतो आणि मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतो. किसलेला मका दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, तळहातापेक्षा मोठा जलेबा, रबडी, मालपुवा, आणि थंडीच्या दिवसांत गराडू, म्हणजे तळून मसाला लावलेला कंद, हे सगळे उभ्याने खायचे. जोशी दहीवडा हाऊसमध्ये दहीवड्याचा द्रोण हवेत उंच भिरकावून दही न सांडता झेलतात आणि मग एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकामागून एक, न मिसळता, दह्यावर सोडतात. हा नुसता देखावा नसतो, वडाही खरोखर उत्तम असतो.

जोडप्याच्या दृष्टीने इथे एक व्यावहारिक फरक आहे, ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सराफ्यातला प्रत्येक पदार्थ लहान द्रोणात येतो, त्यामुळे एक द्रोण आणि दोन चमचे या हिशेबाने दोघे मिळून सात-आठ पदार्थ सहज चाखू शकतात. एकटा माणूस तिथे तीन-चार पदार्थांत थकतो. कोल्हापुरी ताट प्रत्येकाचे स्वतंत्र असते, रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो, आणि दोघांत एक ताट घेणे तिथल्या रीतीत बसत नाही. मात्र कोल्हापुरात समोरासमोर बसून निवांत जेवता येते, बोलता येते. सराफ्यात, विशेषतः शनिवारी, गर्दी इतकी असते की एकमेकांचा हात सोडला तर शोधाशोध करावी लागते. म्हणून इंदूरला गेलात तर सराफा शनिवारी टाळून रविवारी किंवा आडवारी करावा.

दोघांपैकी एक जण शाकाहारी असेल तर निर्णय बराच सोपा होतो. सराफा पूर्णपणे शाकाहारी आहे आणि तिथे कोणालाही काही सोडल्याची हुरहुर लागत नाही. कोल्हापुरात मिसळ, भेळ आणि लोणी डोसा शाकाहाऱ्याला मिळतात, खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ तर चुकवू नये अशीच. पण दुपारच्या ताटाशी बरोबरी करेल असे शाकाहारी जेवण मला तिथे सापडलेले नाही. अख्खा मसूर आणि भाकरी चांगली लागते, तरी समोर तांबडा-पांढरा चालू असताना ती दुय्यमच वाटते. रात्री गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला म्हशीचे धारोष्ण दूध फेसासकट पितात, तो अनुभव दोघांनाही घेता येईल. मात्र ते दूध न तापवलेले असते, तेव्हा पोट नाजूक असलेल्याने नुसते बघावे.

आता बघण्याचे. कोल्हापूर शहरातली ठिकाणे एकमेकांना लागून आहेत. मंदिराशेजारी भवानी मंडप आणि जुना राजवाडा आहे, तिथून चालत खासबाग मैदान, जे राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधून घेतले. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मधील आगीत जळाले, त्याचा सल कोल्हापूरकरांच्या बोलण्यात आजही जाणवतो. न्यू पॅलेस रिक्षाने थोड्या अंतरावर आहे; १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार तो बांधला गेला आणि आतील संग्रहालयापेक्षाही दरबार हॉलच्या रंगीत काचांवरील शिवचरित्रातील प्रसंगांसाठी तिथे जावे. टाउन हॉलचे संग्रहालय पर्यटक वगळतात, पण गावातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे; समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी कसा पोहोचला असेल, या विचारात दोघांचा अर्धा तास सहज जाईल.

इंदुरातला राजवाडा पहिल्या दृष्टिक्षेपात न्यू पॅलेसहून अधिक प्रभावी आहे. सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, आणि ऐन बाजारपेठेत उभा. एकाहून अधिक वेळा तो आगीत सापडला, शेवटची आग १९८४ च्या दंगलीतली, आणि त्यानंतर मागील भाग पुन्हा उभारावा लागला. त्यामुळे दर्शनी भाग पाहून जी अपेक्षा निर्माण होते ती आत गेल्यावर पूर्ण होत नाही. लालबाग पॅलेस १८८६ ते १९२१ दरम्यान होळकरांनी पूर्ण केला आणि त्याचे फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या नमुन्यावर इंग्लंडमध्ये घडवले गेले. काच मंदिर, कृष्णपुरा छत्री आणि खजराण्याचा गणपती धरूनही शहर एका दिवसात संपते. रस्ते मात्र खरोखर स्वच्छ आहेत. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सातत्याने अग्रभागी राहिले आहे, आणि मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या सराफ्यातही त्याची प्रचिती येते.

इंदूरचे खरे सामर्थ्य शहराबाहेर आहे. सुमारे ९० किलोमीटरवर महेश्वर, जिथून अहिल्याबाईंनी कारभार चालवला. नर्मदेचा घाट, किल्ला आणि मागावर विणली जाणारी माहेश्वरी साडी हे सगळे चालत पाहता येते. दुसऱ्या दिशेला साधारण १०० किलोमीटरवर मांडू, दोन तलावांच्या मधोमध उभा जहाज महाल, लांबवर नर्मदेचे खोरे दाखवणारा रूपमती मंडप आणि बुंध्याला फुगलेले गोरखचिंचेचे वृक्ष. मांडूत दाल-पानिया मिळाले तर जरूर खावे. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून शेणीवर भाजतात आणि डाळीबरोबर देतात. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह आवरावा, दोन्हीवर अन्याय होतो.

कोल्हापूरजवळ पन्हाळा अवघ्या २० किलोमीटरवर आहे. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले तो हा गड, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या मराठा लष्करी स्थळांपैकी एक. अंबरखान्याची धान्य कोठारे आणि तीन दरवाजा पाहून झुणका-भाकर खाऊन दुपारपर्यंत परत येता येते. मात्र हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर माझा आग्रह खिद्रापूरचा राहील. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या छताला मधोमध गोल मोकळे आकाश आहे. त्याखालच्या वर्तुळाकार शिळेवर उभे राहून वर पाहिले की शिलाहार कारागिरांच्या धाडसाची कल्पना येते. परतताना नरसोबाच्या वाडीला कवठाची बर्फी घ्यावी.

दिवस किती आणि महिना कोणता, यावर शेवटचा कौल ठरेल. हाताशी दोनच दिवस असतील तर कोल्हापूर, विशेषतः पुण्याहून निघणाऱ्यांनी; अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे, जरी सातारा-कागल रस्त्याच्या रुंदीकरणामुळे वेळ हिशेबापेक्षा जास्त धरावा लागतो. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरला आणि अवंतिका एक्सप्रेस इंदूरला रात्रभरात पोहोचवते, पण पुण्याहून इंदूरचा रेल्वेप्रवास वळशाचा आणि लांबचा असल्यामुळे विमानाशिवाय ते दोन दिवसांत बसत नाही. तीन किंवा चार दिवस असतील तर मी इंदूर निवडेन, महेश्वर किंवा मांडू धरून. पावसाळ्यात तर प्रश्नच उरत नाही : जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा केव्हा पात्राबाहेर येईल याची शाश्वती नसते, आणि श्रावण पाळणाऱ्या जोडप्याने तांबड्या-पांढऱ्यासाठी कोल्हापूरला जाण्यात अर्थ नाही, नेमका त्याच दिवसांत मांडू ढगांत बुडालेला आणि हिरवागार असतो. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही शहरे उत्तम, इंदुरात गराडू आणि कोल्हापूरभोवती चालू गुऱ्हाळे, जिथे गरम काकवी चाखायला मिळते. एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडे जाऊ नये.

मुक्काम ठरवताना कोल्हापुरात भवानी मंडपाच्या परिसरात राहावे, म्हणजे पहाटेचे दर्शन आणि दुपारची विश्रांती दोन्ही पायी साधतात. इंदुरात नवी, चकचकीत हॉटेले विजयनगर भागात आहेत आणि संकेतस्थळांवर तीच आधी दिसतात, पण तिथून सराफा दूर पडतो आणि रात्री एकला भरल्या पोटी रिक्षा शोधावी लागते. खोली थोडी साधी असली तरी राजवाड्याच्या जवळचीच घ्यावी.