बॉस, कार्बन कॉपी की आयबानेझ मिनी? ॲनालॉग डिले घेण्याआधी

डिले पेडल म्हणजे गिटारचा सूर थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारी, पायाने दाबायची डबी. सोलापुरात ती वाजवून बघून घेणं अवघड. मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन दोन वाजवून पाहिली, तिसरं मित्राकडून मागून आणलं. बॉसचं डीएम-२डब्ल्यू, आयबानेझचं ॲनालॉग डिले मिनी आणि मित्राचं एमएक्सआर कार्बन कॉपी. तिन्ही खरी ॲनालॉग, तिन्ही ९ व्होल्टवाली.

'खरी' मुद्दाम म्हणतोय. 'ॲनालॉग' असं छापलेल्या काही स्वस्त छोट्या पेडलांत पीटी२३९९ ही चिप असते आणि ती डिजिटल आहे. आवाज वाईट नसतो, पण नावासाठी जादा पैसे मोजू नका. खऱ्या ॲनालॉगमध्ये बकेट ब्रिगेड चिप असते. टँकर आला की गल्लीत रांग लावून घागरी हातोहात पुढे देतात ना, तसा सिग्नल एका कपॅसिटरमधून (वीज साठवणारा बारीक भाग) पुढच्यात सरकतो. डिले वाढवायचा तर रांग सावकाश चालवायची. मग फिल्टर लावून वरची धार कापावी लागते. म्हणून लांबचा रिपीट, म्हणजे परत येणारा सूर, मऊ, काळपट येतो.

टोनच्या गप्पा नंतर, आधी मिलिसेकंद बघा. ६०,००० ला टेम्पोने, म्हणजे मिनिटाला किती बीट त्या आकड्याने, भागा. १२० च्या गाण्यात एक बीट ५०० मिलिसेकंदांचा आणि डॉटेड एटथ, म्हणजे पाऊण बीट, ३७५ चा. १९८१ च्या जुन्या डीएम-२ ची मजल ३०० पर्यंतच, म्हणजे तिथे हा डॉटेड एटथ बसतच नाही. २०१४ मध्ये आलेल्या डीएम-२डब्ल्यूत स्टँडर्ड मोड तेवढाच, पण कस्टम मोडमध्ये ८०० पर्यंत जाता येतं. बाकी दोन्ही ६०० पर्यंत. टॅप टेम्पो, म्हणजे तालावर बटण दाबून वेळ ठरवायची सोय, तिघांतही नाही, कानानेच जुळवायचं. बॉसला एक्स्प्रेशन पेडल लावून पायाने वेळ बदलता येतो, एवढीच सोय.

कार्बन कॉपीचा आवाज मला सगळ्यात आवडतो. मॉडचं (मॉड्युलेशनचं) बटण दाबलं की रिपीट किंचित डुलायला लागतात, आणि ते डुलणं किती हवं ते आतल्या दोन बारीक ट्रिमपॉटांवर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे नॉब) ठरवता येतं. पण गणपतीच्या स्टेजवर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड एकदम सुरू झाले की तोच काळपट रिपीट बुडतो. मिक्स, म्हणजे रिपीट किती मोठा हवा तो नॉब, घड्याळाच्या काट्यासारखा पार दोनच्या खुणेपर्यंत फिरवावा लागतो. बॉसचा कस्टम मोड जास्त उजळ, तो गर्दीतही ऐकू येतो. आयबानेझ या दोघांच्या मधलं, मॉड्युलेशन नाही.

आता करंट. आमच्या सरावाच्या खोलीला लागूनच यंत्रमाग आहेत. ते सुरू झाले की ॲडाप्टरमधून घरघर येते. बॅटरी लावली की गायब. आयबानेझमध्ये बॅटरीला जागाच नाही. बॉसचा स्क्रू बोटांनी उघडतो, कार्बन कॉपीला मात्र स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. आणि ॲडाप्टर सेंटर निगेटिव्हच हवा, म्हणजे पिनच्या मधोमध ऋण टोक. घाईत मी एकदा कीबोर्डचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर जुन्या कोरस पेडलला लावला. आधी वास आला, मग कोरस कायमचं गप्प.

आयबानेझ सगळ्यात स्वस्त आणि गिटारच्या बॅगेच्या पुढच्या खिशात मावणारं. मात्र वरचे दोन नॉब इवलेसे, स्टेजच्या अंधारात चिमटीत धरताना चिडचिड होते. जड केबल लावली तर पेडल कलंडतं, खाली वेल्क्रो हवाच.

ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर बॉस घ्या. त्यात बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असल्याने लांब केबलवरही आवाज मरत नाही. घरीच वाजवायचं, रेकॉर्ड करायचं तर कार्बन कॉपी. खिसा बेताचा असेल तर आयबानेझ, पण त्याच्यासोबत चांगल्या ॲडाप्टरचे पैसे धरूनच हिशोब करा.

माझ्या पेडलबोर्डावर बॉस आहे. मित्राने अजून आठवण काढलेली नाही, म्हणून कार्बन कॉपी घरीच आहे.