डीएलएस यंत्र आणि रत्नागिरीचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

मिरकरवाड्याहून कोळंबीची टरफलं येतात, त्यांतून आम्ही कायटोसान (टरफलांतल्या कायटिनपासून मिळणारं लांब साखळीचं द्रव्य) काढतो आणि ट्रायपॉलीफॉस्फेट (त्या साखळ्या एकमेकींना बांधणारा क्षार) घालून त्याचे नॅनोकण बनवतो. त्यांचा आकार मोजायला घेतलेल्या डीएलएसने (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणारं यंत्र) आता एक अख्खा पावसाळा काढलाय. कंपनीचं नाव घेत नाही. तत्त्व सगळ्यांचं एकच.

द्रवात लहान कण चपळ हलतात, मोठे सावकाश. विखुरलेला लेसर प्रकाश किती भराभर लुकलुकतो त्यावरून यंत्र आकार काढतं. मिलिलिटरभर नमुना, दोन-तीन मिनिटांत आकडा. इथवर झकास. पण त्या गणितात द्रवाची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) असते. पाण्याची 25 अंशांना 0.89 मिलिपास्कल-सेकंद, कायटोसानचं द्रावण त्याहून दाट. पाण्याचाच आकडा ठेवलात तर कण उगाच फुगून दिसतात.

खरी गोम सहाव्या घातात आहे. इतक्या बारीक कणांचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. धुळीचे चार कण अख्खा निकाल पळवून नेतात. त्यामुळे नुसती सरासरी बघून खूश होणाऱ्यांशी माझं जमत नाही. पीडीआय (कणांचे आकार किती कमी-जास्त आहेत ते सांगणारा आकडा) आणि आलेख दोन्ही बघा. शिवाय आकारांत साधारण तिप्पट फरक नसेल तर दोन गट एकाच शिखरात मिसळतात. त्यांना आधी वेगळं करायला कॉलम (सच्छिद्र मण्यांची भरणी असलेली नळी) किंवा फील्ड-फ्लो (भरणीविना, वाहत्या द्रवातच कण वेगळे करणारी पद्धत) हवं. कॉलममधून मोठे रेणू आधी बाहेर पडतात, पण कायटोसान धनभारित, ते भरणीलाच चिकटून बसतं. असे नमुने आम्ही सरळ मुंबईला पाठवतो.

आता पावसाळा. जुलैत 15 अंशांवर मोजायला घेतलं की क्युव्हेटच्या (नमुना ठेवायच्या पारदर्शक कुपीच्या) बाहेरच्या भिंतीवर बारीक दव धरतं आणि काउंट रेट (दर सेकंदाला मोजला जाणारा विखुरलेला प्रकाश) वेडावाकडा नाचतो. कोरड्या हवेची जोडणी लावल्यावर ते थांबलं. विक्रेत्याने ती ‘ऐच्छिक’ म्हणून कोटेशनच्या तळाशी टाकली होती! कोकणात ती सक्तीचीच समजा. सिलिका जेल तर ओल शोषून बघता बघता निळ्याचं गुलाबी होतं. झेटा सेलच्या (कणांवरचा विद्युतभार अजमावायच्या कुपीच्या) इलेक्ट्रोडवर खारट नमुन्यांनी काळे डाग पडतात, तो खर्च वेगळा धरा.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) इंजिनीअरचं येणं-जाणं धरलंय का, हे सही करण्याआधी विचारा. आणि डेमोला त्यांचं लॅटेक्स (एकसारख्या प्लास्टिक मण्यांचा प्रमाण नमुना) नको, आपला नमुना द्या. लॅटेक्सवर सगळीच यंत्रं हुशार दिसतात.